रीडिंग कोण घेणार?

रात्री दोनला ८२.०. तीनला ८२.०. चारला ८२.०. पाचलाही ८२.०. सकाळी असं लॉगशीट हातात आलं की मला कळायचं, रात्रपाळीचा माणूस खुर्चीतून उठलेलाच नाही. चालत्या रिअ‍ॅक्टरचं तापमान कधी एका जागी बसत नाही. वाफेचा दाब जरा हलला, कूलिंग टॉवरचं पाणी जरा गार आलं, की दशांश चिन्हानंतरचा आकडा हलतोच. खऱ्या रीडिंगला थरथर असते. ती नसेल तर समजावं, आकडा गेजवरून नाही, डोक्यातून आलाय. आमच्या खात्यात त्याला 'खुर्ची रीडिंग' म्हणत.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात मी २८ वर्षं इन्स्ट्रुमेंट खात्यात काढली. गेज, थर्मोकपल, ट्रान्समीटर अशा मोजणीच्या उपकरणांची देखभाल आणि कॅलिब्रेशन, म्हणजे ती खरं दाखवतात का ते तपासून जुळवणं, हे काम. एकदा अशाच खुर्ची रीडिंगवरून एका पोराला मी फैलावर घेतलं. कंत्राटी होता, सलग दुसरी पाळी करत होता. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पुढच्या महिन्यात माझा गेटपास संपतोय. ह्या कागदाचं पुढं काय होतं ते मला कुणी सांगितलंय का कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागद फाइलला लागायचा, फाइल कपाटात जायची, कपाट गोडाउनमध्ये. काही बिघडलं की मगच कुणीतरी धूळ झटकून तो शोधायचं, आणि त्या दिवशी मात्र त्या एका कागदावर लाखोंचा फैसला व्हायचा.

निवृत्तीनंतर विज्ञानाच्या बातम्या वाचताना तो पोरगा मला सारखा आठवतो.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत चार माणसं जमली की बोलणं फ्लॅटच्या भावावर, विमानतळावर आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकवर जातं. आपल्या आजूबाजूला विज्ञानाची केवढी वस्ती आहे, याचा विषय निघत नाही. खारघरच्या डोंगराखाली टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक आहे, कर्करोगावर उपचारही आणि संशोधनही. नव्या पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. वाशीत किरणोत्सारी समस्थानिकं तयार करून देशभर पुरवणारं ब्रिट, आणि खाडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. पनवेल लोकलच्या खिडकीतून अर्ध्या तासात वैद्यक, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र तिन्ही मागे पडतात, आणि आपण मोबाइलमधून मान वर काढत नाही.

मान वर होते ती उद्घाटनाच्या दिवशी. ११ मे २०२३ ला, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, खारघरच्या, कर्करोगाच्या गाठींवर प्रोटॉन कणांचा मारा करणाऱ्या उपचार केंद्राचं पंतप्रधानांनी दिल्लीहून लोकार्पण केलं. त्याच वर्षी तिथे रुग्णांवर उपचारही सुरू झाले. बातमी मोठी होती आणि ती तशी व्हायलाच हवी होती. मला पडलेला प्रश्न त्यानंतरचा आहे. या यंत्राखालून जो गेला, तो पंधरा-वीस वर्षांनी कसा आहे, हे बघायला कोण जाणार? त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार? यंत्राची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. रीडिंग घेणाऱ्याची किंमत कुणी काढलेली नसते. माझं म्हणणं एवढंच आहे, की सरकारी पैशातून मोठं यंत्र किंवा नवा उपचार आणताना त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या नोंदींचा पैसा पहिल्याच दिवशी वेगळा बांधून ठेवावा, आणि त्या नोंदी ठेवणारी माणसं कायम नोकरीत असावीत.

प्रोटॉनचंच घ्या. नेहमीचे क्ष-किरण शरीरात शिरले की कातडीच्या जरा आत सर्वांत जास्त ऊर्जा सोडतात, मग कमी कमी होत गाठीपर्यंत पोचतात आणि पलीकडून बाहेरही पडतात. वाटेतल्या धडधाकट पेशींनाही झळ बसते. प्रोटॉनची चाल वेगळी. तो जाताना थोडी थोडी ऊर्जा सांडत जातो आणि थांबायच्या ठिकाणी उरलेली सगळी एकदम टाकून मोकळा होतो. पुढे जवळजवळ काहीच जात नाही. १९०४ च्या सुमारास विल्यम ब्रॅग यांनी रेडियममधून निघणाऱ्या अल्फा कणांचं हे वागणं टिपलं, आणि १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी मांडलं, की प्रोटॉनच्या याच गुणाचा उपयोग गाठी जाळायला होईल. सुरुवातीची ऊर्जा कमी-जास्त केली की तो कुठे थांबणार हे ठरवता येतं. कॅलिब्रेशन करणाऱ्या माणसाला हे ऐकून जो आनंद होतो तो दुसऱ्याला समजावता येणार नाही.

आता बघा, याचा फायदा सगळ्यात जास्त कुणाला? लहान मुलांना. आठ वर्षांच्या मुलाच्या मेंदूतली गाठ जाळायची आणि शेजारचा वाढता मेंदू, कान, मणका वाचवायचा, यासाठी हा खटाटोप. गाठ तर अनेकदा साध्या क्ष-किरणांनीही जाते. प्रोटॉनचा खरा नफा पुढे दिसायचा असतो. मूल शाळेत मागे पडलं का, उंची वाढली का, आणि तिशीत-चाळिशीत, पूर्वी जिथे किरण लागले होते तिथे दुसरा कर्करोग झाला का. म्हणजे हे यंत्र घेणं शहाणपणाचं होतं की नाही, याचं पुरं उत्तर २०४५ च्या आसपास मिळणार. तेव्हा ते मूल कल्याणला असेल, पुण्याला असेल नाहीतर कॅनडात. त्याचा मोबाइल नंबर पाच वेळा बदललेला असेल, आणि केस पेपरवर जी चाळ लिहिली आहे तिथे टॉवर उभा असेल. त्याला शोधणारं कुणी नसेल, तर उत्तर परदेशातल्या मुलांवरून उसनं घ्यायचं.

पाच वर्षं बघितलं, पुरे झालं, असं म्हणणाऱ्यांनी हिरोशिमा-नागासाकीच्या नोंदी बघाव्यात. बॉम्बमधून वाचलेले आणि त्या वेळी शहरात नसलेले असे मिळून सुमारे १ लाख २० हजार लोक १९५० पासून एका अभ्यासात आहेत, आणि तो अभ्यास अजून बंद झालेला नाही. जपानमध्ये कुटुंबनोंदणीची पद्धत पक्की असल्यामुळे माणूस कुठेही गेला तरी त्याच्या मृत्यूची नोंद सापडते. पहिल्या दहा वर्षांत तिथे उठून दिसला तो रक्ताचा कर्करोग. तिथेच वही मिटली असती तर जगाने धरून चाललं असतं, की किरणांचा धोका म्हणजे ल्युकेमिया, आणि तोही काही वर्षांत ओसरतो. फुप्फुस, स्तन, जठर, मोठं आतडं इथल्या गाठींचं वाढलेलं प्रमाण त्यानंतर दिसायला लागलं आणि पुढे कित्येक दशकं दिसत राहिलं. आज एक्स-रे काढताना तंत्रज्ञ शिशाच्या आडोशाला का जातो, वर्षाला त्याला किती डोस चालतो, हे ठरवताना जो मुख्य आधार आहे तो या लांबलेल्या वहीचा. त्या वहीत कुणाचंही लोकार्पण झालेलं नाही. दर वर्षी कुणीतरी नावं तपासली, एवढंच.

दुसरं उदाहरण तर घरचंच. कार-टी नावाचा उपचार आहे. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, प्रयोगशाळेत निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या हातून त्यांत एक नवं जनुक बसवायचं, पेशी वाढवायच्या आणि परत त्याच माणसाच्या शिरेतून सोडायच्या. त्या पेशी मग कर्करोगी झालेल्या बी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) हुडकून मारतात. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांनी मिळून हे इथे जमवलं. देशातला पहिला असा उपचार ४ जून २०२१ ला अ‍ॅक्ट्रेकमध्ये एका रुग्णाला दिला गेला, ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात ते बाजारात आलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. मलाही वाटला, मी दोन पेढे जास्त खाल्ले.

पण याच उपचाराबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने नोव्हेंबर २०२३ मध्ये चौकशी सुरू केली, आणि २०२४ मध्ये तिथल्या कार-टी उत्पादनांवर ठळक इशारा छापायला लावला, की क्वचित काही रुग्णांना नंतर टी-पेशींचाच कर्करोग झाल्याचं आढळलं आहे. धोका फार थोड्यांना आहे, आणि दुसरा मार्ग उरलेला नसतो तेव्हा हा उपचार घेण्यातच शहाणपण आहे. असा धोका कळावा म्हणून तिथे काय करतात, हे मात्र बघण्यासारखं आहे. अशा जनुक बदललेल्या पेशी घेतलेल्या रुग्णांवर पंधरा वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचं, असा तिथे दंडक आहे. पंधरा वर्षं! आपल्याकडे बहुतेक संशोधन प्रकल्पांचा जीव तीन वर्षांचा. तीन वर्षांच्या पैशात पंधरा वर्षांचं लक्ष कसं ठेवणार, हे त्रैराशिक मला तरी सुटत नाही.

आता घरातली गोष्ट सांगतो.

माझ्या आईला २००९ मध्ये स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग २५ शेक झाले. (आमच्या घरी रेडिएशनला कायम शेकच म्हणतात, जणू काही ते गरम पाण्याच्या पिशवीने दिलेत.) तेव्हा एका अभ्यासात तिचं नाव घेतलं गेलं. सही करताना तिने मला विचारलं, "यात माझं काही जातं का?" मी म्हटलं, फक्त सहा महिन्यांनी फोन येईल. आणि तो यायचा. एक मुलगी बोलायची. "काकू, मी बोलतेय. हात कसा आहे? सूज? ब्लाउजची बाही घट्ट होते का?" काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात सुजू शकतो, म्हणून हा बाहीचा प्रश्न. फॉर्ममध्ये तो नक्की नसणार. तिथे सेंटिमीटरचा रकाना असेल. पण टेप लावून मोजायच्या भानगडीत न पडणाऱ्या बायकांकडून खरं काढून घ्यायला त्या मुलीने स्वतःच तो शोधला असणार. आई तिला हातापासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कैरीच्या लोणच्यापर्यंत सगळं सांगायची. आम्ही हसायचो. ती मुलगी मात्र घाई करायची नाही, कारण लोणच्यानंतरच आई हळूच म्हणायची, "आणि हो, गेला महिनाभर पिळे काढताना हात भरून येतो."

मग फोन थांबले. आईने दोन दिवाळ्या वाट पाहिली. मी चौकशी केली तेव्हा कळलं, ग्रँट संपली, प्रोजेक्टची माणसं गेली. नवीन मंजुरी आली की सुरू होईल. झालंही सुरू, तीन वर्षांनी. एक अनोळखी मुलगा, मागे दहा फोनांचा गलका. त्याने पहिला प्रश्न विचारला, "पेशंट जिवंत आहे का?"

फोन आईनेच उचलला होता. ती म्हणाली, "आहे की. बोलतेच आहे."

त्या पोरावर मी चिडलो नाही. त्याच्यासमोर यादी होती, संध्याकाळपर्यंत ती संपवायची होती आणि फॉर्मवरचा पहिला रकाना तोच होता. तोही आमच्या त्या रात्रपाळीवाल्यासारखाच. पण त्या मधल्या तीन वर्षांत आईचा हात दोनदा चांगला सुजला होता. एकदा ताप येऊन सलाइन लावावं लागलं होतं. हे सगळं आता कुठेच नाही. अभ्यासाच्या तक्त्यात तिच्या नावापुढे 'जिवंत' असेल आणि सूज 'नाही' असेल, कारण ज्या दिवशी विचारलं त्या दिवशी ती नव्हती. पुढे कुणीतरी त्याच तक्त्यावरून सरासरी काढून सांगेल की या पद्धतीत हाताचा त्रास कमी होतो. खुर्ची रीडिंग ते हेच. फरक एवढाच की इथे कुणी आळस केलेला नाही.

उलट, माणसं टिकवली की काय होतं हेही मुंबईनेच दाखवलंय. १९९८ मध्ये टाटा स्मारकाने झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांवर एक अभ्यास सुरू केला. अर्ध्या वस्त्यांमधल्या बायकांची दर दोन वर्षांनी तपासणी, अर्ध्यांमध्ये फक्त माहिती आणि पाठपुरावा. तपासणारे डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास शिकवून तयार केलेल्या बायका होत्या. साधन काय, तर स्तनांसाठी हाताची बोटं आणि गर्भाशयमुखासाठी सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातला व्हिनेगरच. तो लावला की बिघडलेल्या पेशींचा भाग मिनिटभरात पांढरा पडतो. २०१३ मध्ये निष्कर्ष आला, की व्हिनेगरच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तनांच्या तपासणीचं उत्तर यायला मात्र २०२१ उजाडलं. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही, आणि हेही तितकंच उपयोगी उत्तर आहे. एका आजाराचं उत्तर पंधरा वर्षांत आलं, दुसऱ्याला वीसहून जास्त लागली. पंधराव्या वर्षी ग्रँट संपली असती तर?

या अभ्यासावर एक आक्षेप घेतला गेला, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही: तुलनेसाठी ठेवलेल्या हजारो बायकांना इतकी वर्षं तपासणीविना का ठेवलं? मला त्याचं पूर्ण समाधान देता येत नाही. ज्यांनी तुलनेच्या बाजूला उभं राहून आपली वर्षं दिली, त्यांचं ऋण मोठं आहे एवढं खरं. म्हणून तर नोंदी अर्ध्यात सोडणं मला जास्त झोंबतं. माणसाचं आयुष्य अभ्यासात घ्यायचं आणि मग पैसे संपले म्हणून वही मिटायची, ही त्या माणसाची फसवणूक आहे. आईने विचारलं होतं ना, माझं काही जातं का. तेव्हा मी तिला चुकीचं उत्तर दिलं होतं.

नव्या पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात माझ्या धंद्यातली एक युक्ती आहे. तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत. १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ती बांधली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापं नियमित घ्यायला लागले. तासातासाला, डोळ्यांनी पट्टी वाचून, हाताने लिहून. कशासाठी? जहाजांच्या होकायंत्रांपलीकडे त्याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय, हे कुणी विचारलं असतं तर त्या कारकुनांना सांगता आलं नसतं. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून सुटलेलं वादळ पृथ्वीवर आदळलं. आजवर नोंदलेल्या चुंबकीय वादळांत ते सर्वांत मोठ्यांपैकी एक. युरोपातल्या काही उपकरणांचे काटे पट्टीबाहेर गेले. कुलाब्याला बसलेल्या माणसांनी मात्र रीडिंग घेणं सोडलं नाही. चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (चुंबकत्व मोजायचं हे एकक) घसरल्याचं त्या कागदांवर आहे. ते कागद २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा उघडले, १४४ वर्षांनी. मार्च १९८९ मध्ये याहून पुष्कळ लहान वादळाने कॅनडात क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली होती. आज आपली वीज, उपग्रह, विमानं यांचं सर्वांत वाईट काय होऊ शकतं याचा हिशोब करायला जग कुलाब्याच्या त्या पानाकडे वळतं.

पण युक्ती पुढे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. विजेचे प्रवाह जमिनीत खेळायला लागले की चुंबकीय मापं नासणार. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी मापनाची जागा अलिबागला हलवायची ठरवली. ट्राम थांबवा असा हट्ट त्यांनी धरला नाही. इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड आणला. १९०४ मध्ये अलिबागला मापं सुरू झाली, आणि कुलाब्याची लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन वर्षं दोन्ही जागी एकाच वेळी रीडिंग घेतली. ट्राम १९०७ मध्ये धावली.

ती दोन वर्षं म्हणजे या सगळ्यातलं सोनं. कारखान्यात जुना ट्रान्समीटर काढून नवा लावायचा तर आम्ही निदान आठवडाभर दोन्ही शेजारी शेजारी चालवायचो. जुना ८१.६ दाखवतो तेव्हा नवा काय दाखवतो, हे कळलं नाही तर मागच्या दहा वर्षांचे आकडे आणि पुढचे आकडे एका रेषेत बसत नाहीत. वरचे साहेब म्हणायचे, दोन दोन कशाला चालवता, वीज फुकट आहे का? मूस यांनाही कुणीतरी विचारलं असेलच. त्यांनी दोन वर्षांचा दुप्पट खर्च केला म्हणून १८४१ पासूनची मालिका अलिबागला न तुटता पुढे गेली आणि आजही चालू आहे. आमच्या आईच्या अभ्यासात ती मुलगी जायच्या आधी त्या नव्या मुलाला दोन महिने तिच्या शेजारी बसवलं असतं, तर बाहीचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला असता.

यावर लोक म्हणतात, आता माणूस कशाला, कॉम्प्युटर आहे, एआय आहे, सगळं आपोआप साठतं. साठतं, पण जे भरलं तेच साठतं. दिवा स्टेशनजवळ राहायला गेलेल्या बाईच्या दारात सॉफ्टवेअर जाऊन उभं राहत नाही. १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली. इस्पितळं, पॅथॉलॉजी लॅब, मृत्यूच्या नोंदी, सगळीकडे माणसं पायांनी फिरली म्हणून आज सांगता येतं, की या शहरात गर्भाशयमुखाचा कर्करोग घटत गेला आणि स्तनाचा वाढत जाऊन त्याच्या पुढे गेला. खासगीपणाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. माणसाची वीस वर्षांची माहिती साठवायची तर ती त्याच्या संमतीने आणि कुलुपात, आणि कुलूप सांभाळायलाही कायमचा माणूसच लागतो. दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटदाराच्या लॅपटॉपमध्ये माझ्या आईचा आजार असणं हे मला जास्त भीतिदायक वाटतं.

नुसतं मोजत बसणं म्हणजे संशोधन का, असंही एक प्राध्यापक मित्र मला म्हणाले. आधी प्रश्न हवा, मग मोजणी. त्यांचं चूक नाही, पण कारखान्यात मी उलटंही पाहिलंय: प्रश्न नंतर येतो आणि तेव्हा आकडे नसतात. खाडीतल्या रोहित पक्ष्यांचंच बघा. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ चं, रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, ती २०२२ मध्ये आली. भरती आली की खाडीतला चिखल बुडतो आणि पक्षी नेरुळच्या पाणथळींवर येऊन एका पायावर उभे राहतात. त्या पाणथळींचं काय करायचं यावर वाद सुरू झाला, तेव्हा विचारलं जाऊ लागलं, पूर्वी इथे किती पक्षी यायचे, कोणत्या महिन्यात, किती भरतीला? ज्यांनी कुठलाही मोठा प्रश्न डोक्यात न ठेवता, दुर्बीण आणि भरतीचं वेळापत्रक घेऊन सकाळी सकाळी नुसते आकडे लिहून ठेवले होते, त्यांच्या वह्यांना तेव्हा किंमत आली.

राहिला पैसा. संशोधनावर देश जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, आणि एवढ्याशा पांघरुणात पाय कुठवर ताणायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं राहिलं, पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची भाषा झाली. त्यातला किती भाग आधीच सुरू असलेल्या नोंदी चालू ठेवायला राखलाय, असं आपल्या खासदाराला कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मौना लोआच्या केंद्राचा निधी आखडला, आणि जगप्रसिद्ध आलेखात काही महिन्यांची फट पडली. ती आता कितीही पैसे ओतले तरी भरणार नाही. यंत्र पुढच्या वर्षी घेता येतं. गेल्या वर्षीचं रीडिंग पुढच्या वर्षी घेता येत नाही.

आणि यासाठी नवीन काही शोधायलाही नको. ठाण्यातल्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीला विचारा. सिंकिंग फंड म्हणून आपण दर महिन्याला पैसे भरतो, बांधकाम खर्चाच्या वर्षाला निदान पाव टक्का. इमारत नवी कोरी असते तेव्हापासून भरतो, तीस वर्षांनी खांब खचतील म्हणून. खारघरचं प्रत्येक यंत्र, आयआयटीतून निघालेला प्रत्येक उपचार, याच्या किमतीचा असा एक तुकडा पहिल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकावा. त्यातून नोंदी ठेवणाऱ्यांचे पगार जावेत, आणि त्या खात्याला संचालकांनाही सहज हात लावता येऊ नये.

शेवटची अट महत्त्वाची. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दर वर्षी कुणीतरी उठतं आणि म्हणतं, सिंकिंग फंडात एवढे पैसे पडून आहेत, त्यातून लॉबीला ग्रॅनाइट लावून घेऊ. टाळ्याही पडतात. मग सेक्रेटरी चष्मा पुसत सांगतात, "ठराव करा, मग रजिस्ट्रारची परवानगी आणा, मग बघू." सभेत थोडी कुजबुज होते, कुणीतरी कायद्याला शिव्या घालतं, आणि विषय गेटच्या रंगाकडे वळतो.